आजीच्या अंगठीतले ‘माणिक’ आणि भावाचा गोमेद

प्रश्न : आजीच्या अंगठीतला लाल खडा आम्ही आजवर माणिक समजत होतो. कोंदण सैल झाले म्हणून ती सोनाराकडे नेली, तेव्हा खडा गार्नेटचा असल्याचे त्यांनी सांगितले. भावाच्या बोटातला मधाच्या रंगाचा गोमेदही गार्नेटच आहे, असे ते म्हणाले. हे कसे शक्य आहे? आमच्याकडील मँगनीजच्या खाणींतही गार्नेट असते काय?
– एक वाचक, ता. तुमसर, जि. भंडारा

उत्तर : गार्नेट हे एका खड्याचे नसून सारखी घडण असलेल्या खनिजांच्या कुळाचे नाव आहे. त्या घडणीत लोह, मॅग्नेशियम, मँगनीज, कॅल्शियम यांपैकी काय बसले आहे त्यावर रंग बराचसा अवलंबून असतो. निसर्गात ही द्रव्ये बहुधा मिसळलेलीच सापडत असल्याने जे वरचढ, त्यावरून खड्याला नाव मिळते. लोहाचे अल्मंडाइन काळपट लाल असते आणि आपल्याकडे ते राजस्थानातून येत आले आहे. आजीचा खडा बहुधा तोच असावा. गोमेद हा कॅल्शियमच्या ग्रॉस्युलरचा प्रकार असून भिंगातून पाहिल्यास त्याच्या आत पाक ढवळल्यासारख्या लहरी दिसतात. याच ग्रॉस्युलरमध्ये व्हॅनेडियम किंवा क्रोमियम शिरले की हिरवागार त्साव्होराइट होतो, जो १९६७ मध्ये टांझानियात सापडला. गार्नेट म्हणजे लालच, ही समजूत म्हणूनच सोडावी लागते.

कोंदण नव्याने करायचेच आहे, तर खडा सुटा असतानाच एक परीक्षा करून पाहावी. पाण्यावर थर्माकोलचा लहान तुकडा तरंगत ठेवून त्यावर खडा ठेवावा आणि निओडिमियमचे जोरदार चुंबक अगदी जवळ न्यावे. अल्मंडाइन असल्यास तुकडा चुंबकाकडे सरकू लागतो, माणिक मात्र ढिम्म राहते. गोमेदात लोह कमी असल्याने त्याच्या बाबतीत या युक्तीवर विसंबू नये. पैलूंच्या कडाही पाहाव्यात : १ ते १० अशा मोह्स मापनश्रेणीवर माणकाचा कठीणपणा ९, तर गार्नेटचा साधारण साडेसहा ते साडेसात असल्यामुळे रोजच्या वापरातल्या गार्नेटच्या कडा बोथट होतात.

खाणींविषयी विचारलेत, तर होय, तिथे गार्नेट असते. चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणींच्या पट्ट्यात स्पेसार्टिन हे मँगनीजचे गार्नेट गारगोटीसोबत (क्वार्ट्झ) आढळते आणि त्या खडकाला गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ म्हणतात. परंतु दागिन्यासाठी स्पेसार्टिन पारदर्शक, नारिंगी आणि बिनतड्याचे लागते. गोंडाइटमधले बारीक, अपारदर्शक रवे पैलू पाडण्याच्या कामाचे नसतात.