फी भरण्याआधी

सांगली,
मंगळवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं डिझाइनच्या कोर्सचं पत्रक मिळालं. 'काका, शनिवारपर्यंत फी भरली तर सवलत आहे, भरू का?' असं विचारलंस. मी 'सांगतो' म्हणालो आणि दोन दिवस गप्प बसलो. लग्नसराई आहे, छपाईच्या दुकानात मान वर करायला सवड नाही. शिवाय हे उत्तर अंगठ्यानं टाइप करण्याएवढं लहान नव्हतं, म्हणून जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो.

आधी पत्रकच मोबाइलवर मोठं करून बघ. 'ग्राफिक डिझाइन, ९० दिवसांत' ही वरची ओळ. जागा भरावी म्हणून अक्षरं आडवी ताणलीत. देवनागरी अशी ताणली की काने जाड होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. अक्षर दोन वेगळ्या पेनांनी काढल्यासारखं दिसायला लागतं. त्याखाली 'प्रशिक्षण' वाच. वेलांटी श ला सोडून क्ष च्या डोक्यावर जाऊन बसलीय. आणि शिकवणार काय, तर डिझाइन!

पण तेवढ्यावरून फुली मारू नकोस. पत्रकं बऱ्याचदा बाहेरून करून घेतात, घाईत कुणी बघत नाही. तू जाऊन एवढंच विचार की हे केलं कुणी. तुला शिकवणाऱ्या सरांनीच केलं असेल, तर चहा घे आणि घरी ये.

पत्रकात ११ सॉफ्टवेअरची यादी आहे. पप्पांना ती बघून बरं वाटलं असणार; पैसे देणाऱ्याला नग मोजायची सवय असते. मी हिशोब केला. रोज ४ तास धरले तर ९० दिवसांचे ३६० तास, म्हणजे एकेका सॉफ्टवेअरला ३३ तासही येत नाहीत, तेही एकही सुट्टी न धरता. खरं तर तुला तीन लागतील. रेषेच्या कामाला एक, फोटोला एक आणि पानं लावायला एक. सांगलीतल्या प्रेसमध्ये काम करायचं तर कोरलड्रॉ हवंच, आमचं निम्मं जग त्याच्यावर चालतं. पुण्याला जायचं मनात असेल तर इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन, आणि मोबाइल अ‍ॅपच्या कामाकडे वळलीस तर फिग्मा. घरच्या कॉम्प्युटरवर सरावाला इंकस्केप, गिम्प आणि स्क्रायबस फुकट मिळतात. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून देणारी संस्था असेल तर तिथं बाकीचंही तसंच चालतं असं समज.

बटणं कुठं आहेत ते यूट्यूबवर फुकट कळतं, त्यासाठी एवढी फी देऊ नये. फी द्यायची ती तुझं काम समोर ठेवून 'हे इथं पडलंय, उद्या परत करून आण' म्हणणाऱ्या माणसासाठी. तो घरबसल्या मिळत नाही. मैत्रिणी 'मस्त' म्हणतील, आई 'छान' म्हणेल. तिसऱ्यांदा परत करायला लावणारं माणूस त्या संस्थेत आहे का, एवढंच शोधायचंय.

मला तो मिळाला होता. १९९४ साली मी ज्या प्रेसमध्ये लागलो तिथले फोरमन. तेव्हा ब्रोमाइडच्या, म्हणजे मजकूर उमटवलेल्या फोटो-कागदाच्या, पट्ट्या कापून, रबर सोल्युशन लावून पान चिकटवायचो. मी पान घेऊन गेलो की ते आधी उलटं धरायचे, डोकं खाली आणि पाय वर. मला वाटायचं म्हाताऱ्याला चष्मा लागलाय. सहा महिन्यांनी कळलं. उलटं धरलं की मजकूर वाचता येत नाही, मग डोळ्यांना नुसतं काळं-पांढरं दिसतं. कुठं गर्दी झालीय, कुठं उगीच भोक पडलंय, पान कुठल्या बाजूला कलंडतंय, सगळं उघडं. मी अजूनही स्क्रीनवर पान फिरवून बघतो. पोरं हसतात.

पण फोरमनही सगळीकडे पुरत नाहीत. १९९९ मध्ये मी एका हळद व्यापाऱ्याच्या पुड्यांची लेबलं केली. तोपर्यंत कॉम्प्युटर आला होता आणि मला शिंगं फुटली होती. हळदीचा फोटो स्कॅन केला, त्यातूनच रंग उचलला आणि मागची सगळी जमीन त्या पिवळ्यानं भरली. स्क्रीनवर असं झळकत होतं की विचारू नकोस. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, दाखवायला वेळ नाही म्हणून सरळ छपाईच्या प्लेटा काढल्या. १० हजार लेबलं छापून आली. शेठजींनी खिशातून हळकुंड काढलं, अडकित्त्यानं फोडलं आणि ती फोड लेबलावर ठेवली. म्हणाले, 'माझी हळद ही. तुमची आजारी दिसते.' खरंच आजारी दिसत होती, हिरवट. फोटोतल्या सावलीतून उचललेल्या त्या रंगात १५ टक्के सायन, म्हणजे छपाईतला निळा, होता. पिवळ्यात थोडा जरी निळा शिरला की तो हिरव्याकडे सरकतो. स्क्रीन उजेडानं रंग दाखवते म्हणून तिथं खपून गेलं, कागदावर नुसती शाई. सायन शून्य, मॅजेंटा (गुलाबी-लाल) ३० च्या आसपास, पिवळा १०० असं परत केलं तेव्हा हळद हळदीसारखी दिसली. पहिल्या १० हजारांचे पैसे माझ्या पगारातून सात महिने कापले. कापणाऱ्याला मी दोष देत नाही.

हे सांगायचं कारण तुझ्या कोर्सच्या वेळापत्रकात आहे. त्यात 'कलर थिअरी' दोन दिवस आहे, रंगांचं चक्र वगैरे. प्रेसला एकही भेट नाही. चार रंगांच्या चार प्लेटा एकावर एक कशा बसतात, एक केसभर हलली तर अक्षराला कशी लाल कड येते, कडेनं ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जास्तीची छपाई, का सोडायचा, हे मशिनशेजारी उभं राहून दहा मिनिटांत कळतं. फळ्यावर महिन्यातही कळत नाही. त्यांना विचार, नेणार का. नाही म्हणाले तर मी आहेच, पण त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कळव.

आणखी काय विचारायचं? शिकवणारा स्वतः आज बाजारातलं काम करतो का. एका बॅचला किती जण असतात. दहा-बारा ठीक, तीस असतील तर तुझ्या कामाकडे बघायला सरांना डोळे कुठून येणार? मागच्या बॅचच्या दोघांशी बोलायला मिळेल का. 'शंभर टक्के नोकरी' लिहिलंय, ते करारावर लिहून देणार का. हा शेवटचा प्रश्न हसत हसत विचार, पण विचार. आणि फी हप्त्यानं घेत असतील तरच भर. पप्पांच्या मार्केट यार्डातल्या पगारावर यासाठी कर्ज काढायचं नाही, हे मी तुला आणि त्यांना दोघांनाही सांगतोय.

आता माझ्या आवडीचा विषय. या असल्या कोर्सात सराव बहुतेक इंग्रजीत असतो. कॉफी शॉपचा लोगो, जिमचं पोस्टर, परफ्यूमची बाटली. तू ते कर, दिलंय ते करायचंच. पण त्याच रात्री घरी तेच काम मराठीत कर. कॉफी शॉपच्या जागी मिरजेतल्या तंबोरे करणाऱ्याचं कार्ड, परफ्यूमच्या जागी तासगावच्या बेदाण्याचा खोका. लगेच हात अडेल. इंग्रजी अक्षरं सरळ ओळीत बसतात, आपल्याकडे वर रफार-वेलांटी आणि खाली उकार-ऋकार. दोन ओळींत इंग्रजीएवढंच अंतर ठेवलंस तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटून आली तर घाबरू नकोस, अक्षरांच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवड. इनडिझाइनलाही तशीच सोय आहे. त्या पत्रकातली वेलांटी बहुधा अशाच ठिकाणी पळाली.

आणि तो अर्धा र. 'शेतकऱ्यांचा' हा शब्द सांगलीत दिवसातून दहा फ्लेक्सवर येतो आणि त्यातल्या निम्म्यांवर 'शेतकर्यांचा' असतो, य च्या डोक्यावर रफार. लोकांना आता ते खटकतही नाही. पण मागं एका केटरिंगवाल्यांच्या मेळाव्याचा फ्लेक्स आमच्याकडे होता. 'आचाऱ्यांचा सत्कार' ऐवजी पोरानं टाइप केलं 'आचार्यांचा सत्कार'. स्वयंपाकी गेले आणि गुरुजी आले! मशिनला लावण्याआधी माझी नजर गेली म्हणून वाचलो. 'ऱ' साठी कीबोर्डवर वेगळी कळ असते, ती कुठं आहे हे पहिल्याच दिवशी शोधून ठेव. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीपेक्षा वेगळे असतात, तेही बघायला शीक. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि भाषा मराठी निवडली की आपलं रूप येतं.

फॉन्ट आभाळातून पडत नाहीत. तुझ्या कॉम्प्युटरवरचा 'मंगल' सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलाय. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' फुकट मिळतो. उतरवून घे आणि त्याचा 'क' स्क्रीनभर मोठा करून कागदावर पेन्सिलीनं काढ. रोज एक अक्षर. हे मी तुला करायला लावतोय, विनंती नाही.

आणि हो, 'सांगलीत कुठलं आलंय डिझाइन' असं तू मागं म्हणाली होतीस. आपल्याच जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याच्या गावातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं. ते चालवणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. नांगर आणि पंप करणाऱ्या गावात चित्र काढणारा माणूस संपादक! तेव्हा गावाला नावं ठेवू नकोस. संध्याकाळी गणपती पेठेतून हरभट रोडपर्यंत पायी जा आणि रंगवलेल्या जुन्या पाट्या बघ. ब्रश धरणाऱ्यानं जागा संपत आली म्हणून शेवटचं अक्षर कसं आवळलंय, तरी तोल कसा सांभाळलाय, ते बघ. मग पुष्पराज चौकात उभी राहा आणि गाडीवरनं जाणाऱ्याला फ्लेक्सवरचं काय वाचता येतं ते मोज. चाळीस चेहरे आणि खाली 'शुभेच्छुक'. कार्यक्रम कुठं आहे, किती वाजता, ते पार कोपऱ्यात. तू वेगळं केलंस तर गिऱ्हाईक म्हणेल, 'भाऊंचा फोटो जरा मोठा करा.' करावा लागतो. मीही करतो. पण मग निदान वेळ आणि ठिकाण वाचता येईल एवढं तरी भांडायचं.

पोर्टफोलिओत, म्हणजे नोकरीसाठी दाखवायच्या कामांच्या संग्रहात, सहा कामं पुरेत. वर्गात सगळ्यांनी केलेला तोच कॉफी शॉप त्यात नको, मुलाखत घेणाऱ्यानं तो त्याच बॅचच्या तिघांकडे बघितलेला असतो. प्रत्येक कामाबरोबर पहिली कच्ची रेघोटी आणि फेकून दिलेला एखादा प्रयत्नही ठेव. मी माणूस घेताना तेच आधी बघतो. एआयनं चित्र काढून मिळतं आता, पोरं वापरतात, मीही वापरून बघितलं. वापर, पण त्यावरचा मजकूर अक्षर न अक्षर तपासायचा आणि ते स्वतः काढलं असं सांगायचं नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. बाहेरचं काम घेतलंस तर निम्मे आधी, आणि बदल किती वेळा करून देणार ते मेसेजमध्ये लिहून. नातेवाइकांनाही. सगळ्या फाइली दोन ठिकाणी ठेव. २०१९ च्या पुरात माझ्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. वीस वर्षांचं काम तिथल्या दोन कॉम्प्युटरमध्ये होतं, त्यातलं काही उरलं नाही.

तर भरू का, याचं उत्तर. शनिवारची सवलत जाऊ दे. गुरुवारी संस्थेत जा, एक तास मागं बसून वर्ग बघायला माग. सर कुणाच्या तरी खुर्चीमागं उभे राहून, बोट दाखवून बोलताना दिसले तर भर. पुढच्या मोठ्या पडद्यावर बटणं दाबत राहिले आणि पोरं नुसती बघत राहिली, तर उठून ये. दुसरी संस्था शोधू, कोल्हापूर काही लांब नाही.

तोपर्यंत एक काम. ते पत्रक तू परत कर. मजकूर तोच, माप तेच, एकच फॉन्ट, दोनच रंग. प्रिंट काढून आण, मोबाइलवर दाखवू नकोस. सोमवारी १० वाजता चार रंगांचं काम लागणार आहे, तेव्हाच ये. ओढणी घालून आलीस तर नीट पिनअप करून ये आणि केस वर बांध, मशिनजवळ उभं राहायचंय.

तुझा,
काका