वाचकांचे प्रश्न: टीमने एअर रेड आणलाय, आता मॅच बघताना लक्ष कुठे ठेवायचं?

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही गेली 11 वर्षं ह्यूस्टनला आहोत. मुलीच्या कॉलेजमुळे आम्हा नवरा-बायकोला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं, चार डाउन (म्हणजे प्रयत्न), दहा यार्ड वगैरे सगळं आता कळतं. यंदा नवीन कोच आले आणि त्यांनी एअर रेड ऑफेन्स (जवळजवळ सगळी भिस्त पासवर ठेवणारी हल्ल्याची पद्धत) आणलाय. पहिली मॅच दणक्यात जिंकलो, पुढच्या दोन हरलो. नुसते पास, तेही पाच-पाच यार्डांचे, बॉल घेऊन पळणं जवळपास बंदच. स्टँडमधले लोक कोचला शिव्या घालतायत पण मला आधी समजून घ्यायचंय, नेमकं बघू काय?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर: ताई, तुम्ही लिहिलंय ना, पहिली दणक्यात आणि मग दोन हरलो, ते वाचून मला लगेच 2020 आठवलं. माइक लीच त्या वर्षी मिसिसिपी स्टेट कॉलेजला कोच म्हणून आले, एअर रेड म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच. हॅल ममी आणि लीच या दोघांनी 1989 पासून आयोवा वेस्लियन नावाच्या छोट्या कॉलेजात हा ऑफेन्स घडवला, आणि पुढे 2000 ते 2009 टेक्सस टेकला लीचनी तो तुमच्या टेक्ससभर गाजवला. तर 2020 ची पहिलीच मॅच, समोर आदल्या सीझनची नॅशनल चॅम्पियन एलएसयू (लुइझियाना स्टेट), तीही त्यांच्याच घरी, आणि मिसिसिपी स्टेट 44-34 ने जिंकली! क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) के. जे. कॉस्टेलोने 623 यार्ड फेकले, एसईसी कॉन्फरन्सचा, म्हणजे त्यांच्या कॉलेज लीगचा रेकॉर्ड. मी ती मॅच बघताना अक्षरशः उभा होतो. पुढच्याच आठवड्यात आर्कान्सासकडून 21-14 हार, त्यानंतर केंटकीकडून 24-2, त्या एका मॅचमध्ये सहा इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनीच झेललेले पास.

आठवड्याभरात असं काय बदललं? आर्कान्सासने क्वार्टरबॅकच्या अंगावर फक्त तीन माणसं सोडली आणि उरलेली आठ मागे पासच्या वाटेत उभी केली. बास, एवढंच. लांबचे पास बंद झाले, आणि जबरदस्तीने फेकले की बॉल त्यांच्या हातात.

म्हणून माझं सांगणं एकच, स्नॅपच्या (बॉल खेळात येतो त्या क्षणाच्या) आधी बॉलकडे बघू नका, समोरची माणसं मोजा. आपण क्रिकेट बघताना बॉल पडायच्या आधी फील्ड बघतो ना, डीप पॉइंट मागे गेला म्हणजे एक रन फुकट आहे, तसंच. बॉल ठेवलेल्या लाइनच्या जवळ किती, अगदी मागे सेफ्टी (सगळ्यात मागचे बचाव करणारे) किती, एक की दोन, एवढं मोजलंत तरी अर्धा ऑफेन्स कळला. कारण या सिस्टीममध्ये प्ले (ठरवलेल्या चाली) मोजकेच असतात, तेच तेच प्रॅक्टिसला शेकडो वेळा घोटतात, आणि समोरची मांडणी बघून प्ले लाइनवर बदलायची मोकळीक क्वार्टरबॅकला असते. पाच यार्डांचा पास दिसला की वैतागू नका, एअर रेडमध्ये तो पास म्हणजेच बॉल घेऊन पळणं समजायचं. बचाव मैदानभर ताणायचा आणि जिथे माणूस नाही तिथे बॉल द्यायचा, सगळा खटाटोप त्यासाठी.

एक प्ले नीट ओळखायला शिका, नाव मेश. दोन रिसीव्हर (पास झेलणारे) समोरासमोरच्या बाजूंनी मधे पळत येतात, साधारण सहा यार्डांवर, आणि एकमेकांना इतके खेटून जातात की हात लावला तर लागेल. मागे धावणारे डिफेंडर तिथे एकमेकांत अडकतात. पण समोरचे कोणाच्या मागे न धावता आपापली जागा राखून उभे असतील, म्हणजे झोन, तर तेच रिसीव्हर पळत न सुटता मोकळी फट बघून थांबतात आणि क्वार्टरबॅककडे तोंड करतात. आता तुमच्या टीमचे रिसीव्हर झोनसमोर थांबतायत का पळतच सुटतायत, हे बघा. पळतच सुटत असतील तर सिस्टीम अजून अंगात मुरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मुरायला वेळ लागतोच हो. मिसिसिपी स्टेटला 2020 मध्ये कोविडमुळे स्प्रिंग प्रॅक्टिसच मिळाली नव्हती, त्यात आधीच्या कोचने दुसऱ्या पद्धतीच्या खेळासाठी गोळा केलेली पोरं. तो सीझन 4-7 (चार जिंकल्या, सात हरल्या) गेला. पण त्याच सीझनमध्ये फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या) विल रॉजर्सच्या हातात टीम आली, आणि 2021 मध्ये तो पोरगा समोर आठ जण मागे गेले की निमूट जवळचा पास द्यायला लागला, जवळजवळ 74 टक्के पास पूर्ण! टीम 7-6, मग 2022 मध्ये 9-4. लीच ते शेवटपर्यंत बघू शकले नाहीत, त्या डिसेंबरमध्येच गेले, मला अजून हळहळ वाटते.

तक्रार करायची तर एका जागी जरूर करा. समोर तिघेच अंगावर येतायत, आपले पाच लाइनमन (पुढे उभे राहून वाट अडवणारे) आहेत, आणि तरीही टीम कधीच पळत नाही, तर ते मात्र माझ्या मते चुकतं, लीचच्या बाबतीतही मला तेच वाटायचं.

अजून एक, टीव्हीवर सेफ्टी बऱ्याचदा फ्रेमच्या बाहेर असतात. एकदा तरी मैदानाच्या टोकाला, एंड झोनच्या मागे, वरच्या रांगेतलं तिकीट काढा, तिथून ती मागची माणसं स्वच्छ दिसतात.

प्रश्न: पॅट्रिक महोम्सपण याच एअर रेडमधून आला का? मग त्याची प्रोफेशनल टीम कॅन्सस सिटी चीफ्स तेच खेळते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: हो, महोम्स 2014 ते 2016 टेक्सस टेकला होता, कोच क्लिफ किंग्सबरी, आणि किंग्सबरी स्वतः लीचचा क्वार्टरबॅक. चीफ्सचा ऑफेन्स मात्र त्यांचे कोच अँडी रीड यांचा, मूळ वेस्ट कोस्ट (छोट्या, नेमक्या वेळेच्या पासांच्या) पद्धतीचा, त्यात कॉलेजच्या बऱ्याच गोष्टी मिसळलेल्या. गंमत म्हणजे रीड आणि लीच दोघंही युटातल्या बीवाययूचे (ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीचे) विद्यार्थी. रीड तिथे कोच लव्हेल एडवर्ड्सच्या टीममध्ये लाइनमन होता, लीच खेळला नाही पण एडवर्ड्सचा पासिंगचा खेळ त्याने तिथेच बघितला, आणि एअर रेडचं मूळ त्याच खेळात आहे.