सोलापुरी चादर की सोलापुरी चद्दर?

विचारणा अशी आहे: 'चादर' शुद्ध आणि 'चद्दर' अशुद्ध का? आणि इराणी बायका अंगभर घेतात ती 'चादोर' व आपली चादर हा एकच शब्द आहे का?

हो, शब्द एकच. मूळचा फारसी, आणि जुना: इस्लामपूर्व इराणच्या पहलवी भाषेत तो 'चादुर' असा सापडतो. आज तेहरानमध्ये उच्चार 'चादोर' होतो. आपल्याकडे रुळला 'चादर'. इराणात त्याचे दोन अर्थ ठळक आहेत. एक, बायकांचं डोक्यापासून पायापर्यंतचं वस्त्र, दुसरा, तंबू. भटक्या पशुपालकांना तिथे 'चादोरनशीन', म्हणजे तंबूत राहणारे म्हणतात. पलंगावरच्या चादरीला मात्र इराणी माणूस 'मलाफे' म्हणतो आणि जाड पांघरुणाला 'पतू'. तिथला 'चादोरशब' हा शब्द मला फार आवडतो. 'शब' म्हणजे रात्र. गीलान प्रांतात हातमागावर विणलेलं हे रंगीत कापड अंथरूण-पांघरूण गुंडाळून ठेवायला वापरतात. आपल्या चादरीच्या सर्वांत जवळ जाणारी इराणी वस्तू हीच.

तंबूचा अर्थ तुर्कीत 'चादर'सारख्याच 'चादिर' या रूपात गेला आणि तुर्की भाषांमार्फत पुढे युरोपात: हंगेरियन 'शातोर', रशियन 'शात्योर', दोन्हींचा अर्थ तंबूच. पूर्वेकडे तर गंमत आहे. मलेशियात 'चादर' म्हणजे पलंगावरची चादर आणि शेजारच्या इंडोनेशियात, जवळजवळ त्याच भाषेत, चेहरा झाकायचा पडदा. मुघल बागांमध्ये उतरत्या दगडी फरशीवरून पाणी पसरत येतं, तीही चादर; लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीवरचा बर्फाचा थरही चादरच.

काहीजण हा शब्द संस्कृत 'छद्' (झाकणे) किंवा 'छत्र' यांच्याशी जोडतात. अर्थ जुळतो, पण आवाज जुळत नाही. दोन्ही भाषांना वारशाने मिळालेल्या शब्दांत संस्कृतच्या 'छ'समोर फारसीत 'स' येतो: आपली छाया, त्यांचा साया. 'छद्'चं सख्खं भावंड फारसीत असतं, तर ते 'स'ने सुरू व्हायला हवं होतं. त्यामुळे मला ही व्युत्पत्ती पटत नाही. काही झालं तरी मराठीत शब्द आला तो फारसीकडूनच.

आता चद्दर. मूळ फारसीत 'द' जोड नाही. बोलीत मात्र दीर्घ स्वर आखडतो आणि पुढचं व्यंजन दुप्पट होतं. चाकूचा 'चक्कू' होतो तो याच रीतीने. हिंदी-पंजाबीतही 'चद्दर' आहेच. म्हणजे हा अडाणीपणा नव्हे, उच्चाराची रीत आहे. शिवाय भौगोलिक मानांकनात आपल्या मालाची नोंद 'सोलापूर चद्दर' अशीच आहे. लिहिताना 'चादर' लिहा, पण 'चद्दर' म्हणणाऱ्याला कुणी सुधारू नये.

सोलापुरात या शब्दाचा अर्थही थोडा वेगळा आहे. पुण्या-मुंबईकडे चादर बहुधा अंथरतात. आपल्याकडे ती आधी पांघरतात. जकार्ड, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागावर दुहेरी विणीने निघालेली ही जाड सुती चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. उलटून पाहा, नक्षी तीच, रंगांची मात्र अदलाबदल. शहराच्या पूर्व भागातल्या ज्या पद्मशाली विणकर घरांनी ही वीण नावारूपाला आणली त्यांची घरची भाषा तेलुगू, आणि तेलुगूत पांघरुणाला 'दुप्पटी' म्हणतात, आपल्या बाळाच्या दुपट्याच्या नात्यातला शब्द. तरी बाजारात नाव चाललं ते फारसीच.

म्हणीत मात्र तिला जागा मिळाली नाही. हिंदीवाले चादर पाहून पाय पसरतात, आपण अंथरूण पाहून. अनेकवचन 'चादरी' किंवा 'चद्दरी'. दुकानांच्या पाट्यांवर दिसणारं 'चादर्स' टाळावं.