‘सने-चन’मधला स्नेह

प्रश्न : थाई लग्नातल्या ‘सने-चन’ या मिठाईच्या नावाचा अर्थ ‘चंद्राची मोहिनी’ असा वाचनात आला. तो बरोबर आहे का?

पिवळे आणि गोल काही दिसले की त्याला चंद्र चिकटवायचा, ही खोड आता पुरे झाली. नऊ मंगल पक्वान्नांपैकी हे एक असून वधूवर सर्वांना हवेहवेसे वाटावेत या इच्छेने ते लग्नात मांडतात, हे प्रश्नकर्त्यालाही ठाऊक असणार. म्हणून थेट ‘सने’कडे वळतो.

‘सने’ म्हणजे आपला ‘स्नेह’. थाई उच्चारात आरंभीचा ‘स्न’ फुटला आणि शेवटचा ‘ह’ गळाला. लेखनात मात्र तो ‘ह’ अजून शाबूत आहे आणि ‘हे अक्षर उच्चारू नये’ असे सांगणारी बारीकशी खूण त्याच्या डोक्यावर बसलेली आहे. त्या खुणेचे नाव ‘थन्थखात’, म्हणजे चक्क ‘दंडघात’! टोला खाऊन मुका झालेला असा ‘ह’ मला दुसऱ्या कुठल्या भाषेत भेटलेला नाही. अर्थही सरकला आहे. संस्कृतात स्नेह म्हणजे ओशटपणा आणि माया. संक्रांतीच्या तिळात आपण दोन्ही जपले, तर थाईत उरली ती मोहिनी, इतकी की ‘थम सने’ म्हणजे वशीकरण करणे. करवंटीच्या डवलीच्या टोकाला ‘सने’ असेल तर नवरा मरेपर्यंत प्रेम करतो, अशी तिकडची म्हणही आहे. नारळाचे दूध आणि अंड्याचा बलक घालून पीठ आटवताना डवलीला जो ओशटपणा धरतो, त्यात स्नेहाचा मूळ अर्थ आपसूक परतला असावा, असा माझा कयास आहे. पुरावा मागू नये.

राहिला ‘चन’. ‘चंद्र’ आणि ‘चंदन’ हे दोन्ही शब्द थाईत ‘चन’ असेच ऐकू येतात. फरक दिसतो तो मुक्या अक्षरांत, एकीकडे ‘र’, दुसरीकडे ‘न’. मिठाईचे नाव दोन्ही तऱ्हांनी लिहिलेले आढळते, एवढेच चंद्रपक्षीयांचे भांडवल. त्यांनी ती मिठाई नीट निरखलेली नसावी. आपल्या टेंभुर्णीचे भाईबंद असलेल्या ‘लूक चन’ या सुवासिक पिवळ्या फळासारखी ती वळतात आणि देठाच्या जागी तपकिरी टिकली लावतात. देठ असलेला चंद्र मी तरी पाहिलेला नाही. शिवाय पिठात पडते ती जायफळाची पूड, आणि जायफळाला थाईत म्हणतात ‘चन थेत’, म्हणजे ‘चंदन’ अधिक ‘देश’, ज्यातला ‘देश’ तिथे ‘परदेशी’ या अर्थाने येतो. श्रीखंडात जायफळ किसणाऱ्याला हा ‘चन’ वासावरूनच ओळखता येईल.