‘दादला’ आणि ‘नलगे’

महिला दिनाच्या कार्यक्रमात एकनाथांचं ‘मला दादला नको गं बाई’ हे भारूड बसवायचं आहे, पण ‘दादला’ हा शब्द नवऱ्याला हिणवणारा वाटतो अशी हरकत आली. तो खरंच तसा आहे का, असा प्रश्न आहे.

नाही. दादला म्हणजे पुरुष, आणि त्यावरून नवरा. कोकणीत ‘दादलो’ म्हणजे आजही पुरुषच, लग्न झालेला असो वा नसो. प्रमाण मराठीत हा शब्द मागे पडला, म्हणून शहरी कानाला रांगडा लागतो, इतकंच.

खरी गंमत क्रियापदात आहे. एकनाथांच्या गाथेत ‘मला दादला नलगे बाई’ असा पाठ सापडतो. ‘न लगे’ म्हणजे लागत नाही, गरज नाही; तुकोबांच्या ‘न लगे मुक्ति’मधलंच ते. ‘नको’ रुसव्यातही म्हणता येतं, समजूत काढली की संपतं. ‘नलगे’ म्हणणारीचा हिशेब करून झालेला असतो. तो ती मांडतेही: फाटकं लुगडं शिवायला दोरा नाही, आंबाड्याच्या भाजीवर तेलाची धार नाही. कीर्तनकार याचा आध्यात्मिक अर्थ लावतील, आणि भारूड रूपकच असतं, त्यामुळे ते चूक नाहीत. पण बायका हसतात त्या कोरड्या भाजीला.

तरी सोळाव्या शतकातल्या या रचनेला सरसकट स्त्रीमुक्तीचं गाणं म्हणायला माझी जीभ अडखळते, आणि त्याला कारण तिची बहीण शोभेल अशी एकनाथांचीच दुसरी रचना, ‘सत्वर पाव गे मला’. त्यातली सासुरवाशीण भवानीआईला रोडग्याचा, म्हणजे जाड भाकरीचा, नवस बोलून एकेकाचा काटा काढायला सांगते. जाऊ फडफड बोलते, तर ‘बोडकी कर गं तिला’, म्हणजे विधवा कर. आणि स्वतःचा दादला? त्याची आहुती देईन, ‘मोकळी कर गे मला’. नवरा दोघींचाही जायचा, पण जावेच्या वाट्याला ‘बोडकी’, आपल्या वाट्याला ‘मोकळी’! केशवपनाची आठवण असलेला तो शब्द एका बाईनं दुसरीवर फेकलेला आहे.

तेव्हा ‘दादला’ बिनधास्त गा. हरकत घ्यायचीच असेल तर रोडग्याच्या भारुडातल्या ‘बोडकी’वर घ्यावी, तीही ओळ न गाळता, गाऊन झाल्यावर.