इल्लीगल ग्रॅटिफिकेशन: समाधान बेकायदेशीर कसं काय असेल?

प्रश्न असा आहे: लाचेच्या केसच्या एका निकालपत्रात 'डिमांड अँड अ‍ॅक्सेप्टन्स ऑफ इल्लीगल ग्रॅटिफिकेशन' असं वाचलं, पण ग्रॅटिफिकेशन म्हणजे तर सुख, समाधान, इच्छा पुरी होणं, सायकॉलॉजीवाले 'डिलेड ग्रॅटिफिकेशन' म्हणतात तेच ना, मग कायद्यात हा शब्द पैसे खाण्याला कसा लागला? लाच म्हणायला जड जातं म्हणून वकिलांनी शोधलेला सभ्य शब्द आहे का? आणि मराठीत त्याचं भाषांतर काय करायचं?

नाही, सभ्यपणाचा काही संबंध नाही. ग्रॅटिफाय या क्रियापदाचे इंग्रजीत दोन अर्थ आहेत, एक 'खूश करणं' आणि दुसरा 'केलेल्या कामाबद्दल काहीतरी देणं, मोबदला देणं', आणि हे दोन्ही अर्थ सोळाव्या शतकापासून शेजारी शेजारी नांदत होते. पुढे रोजच्या बोलण्यातून देण्याघेण्याचा अर्थ गळून गेला, खूश करण्याचा तेवढा राहिला, आणि कायद्याची भाषा जुनं सहसा टाकत नाही म्हणून तिथे देण्याघेण्याचा अर्थ टिकला.

मुळापासून बघू. लॅटिनमधे ग्रातुस असं विशेषण आहे, आणि त्याची गंमत अशी की ते दोन्ही बाजूंनी चालतं. जी गोष्ट आवडते, हवीशी वाटते ती ग्रातुस, आणि ती मिळाल्यामुळे ज्याला आभारी वाटतं तो माणूसही ग्रातुसच. म्हणजे देणाऱ्याकडून बघा की घेणाऱ्याकडून, शब्द एकच. त्याला 'करणे' या अर्थाचा धातू जोडून ग्राटिफिकारी झालं, म्हणजे एखाद्यावर मेहेरबानी करणं, त्याला बरं वाटेल असं काही करणं. तिथून फ्रेंच, तिथून इंग्रजी. ग्रेस, ग्रेटफुल, ग्रॅटिस (फुकट, शब्दशः नुसत्या आभारांवर), ग्रॅच्युइटी, काँग्रॅच्युलेट, इतकंच काय अ‍ग्री सुद्धा याच घरातले. या ग्रातुसचं संस्कृतातलं भावंडही आहे, गूर्त, म्हणजे स्वागत झालेला, पसंत पडलेला. धातू गृ, गृणाति, म्हणजे स्तुती करणं, मोठ्याने आळवणं, आणि त्यातूनच गिर् म्हणजे वाणी, आपली कवितेतली 'गिरा'. (गुरू शब्दाशी मात्र याचं नातं नाही बरं का, गुरूचं लॅटिन भावंड ग्राविस, म्हणजे जड, ज्यातून ग्रॅव्हिटी आली.)

आता इंग्रजीत मोबदल्याचा अर्थ खरंच होता याचा पुरावा काय, तर सरळ शेक्सपियर. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चा चौथा अंक बघा, कोर्टाचा प्रवेश, पुरुषवेषात वकील होऊन आलेल्या पोर्शियाने अँटोनियोचा जीव वाचवलाय आणि ड्यूक जाता जाता अँटोनियोला सांगतो की या सद्गृहस्थांना ग्रॅटिफाय करा, तुम्ही त्यांचे फार ऋणी आहात. इथे आजचा अर्थ लावून 'यांना आनंद द्या' असं वाचलं तर वाक्यात काही दमच राहत नाही. ड्यूक म्हणतोय वकिलाला काहीतरी द्या, आणि लगेच अँटोनियोचा मित्र बसानियो तीन हजार डकॅट पुढे करतो, ते त्यामुळेच. आणि याच्यावर पोर्शियाचं उत्तर काय, की ज्याचं समाधान झालं त्याला भरपूर पैसे मिळालेच म्हणायचे. म्हणजे समाधान आणि पैसे हे दोन धागे शेक्सपियरने त्याच प्रवेशात एकमेकांत विणलेत. 'कोरिओलेनस'मधे पण रोमची सिनेट बसलीय आणि तिथे मेनेनियस म्हणतो की आता मुख्य काम राहिलं ते कोरिओलेनसच्या देशसेवेला ग्रॅटिफाय करायचं, म्हणजे सेवेची कदर करून योग्य ते पद, मान द्यायचा. सेवेला कोणी आनंद देत नाही, सेवेचा मोबदला देतात. 'ऑथेल्लो'त तो रुमाल आहे ना, त्याबद्दल ऑथेल्लो म्हणतो की हिने, म्हणजे त्याच्या बायकोने, डेस्डेमोनाने, कॅसियोच्या प्रेमाच्या कामगिरीला तो देऊन ग्रॅटिफाय केलं, तिथेही बक्षीस दिल्याचाच भाव आहे.

युरोपातल्या इतर भाषांत तर हा अर्थ आजही जिवंत आहे, त्याला कोणी जुना म्हणतच नाही. फ्रान्समधे इंटर्नला दर महिन्याला जे पैसे द्यावे लागतात त्याला अधिकृत शब्द ग्रातिफिकास्यों हाच आहे, जर्मनीत ख्रिसमसला मिळणारा बोनस म्हणजे ग्राटिफिकात्सिओन, आणि स्पेनमधे कुत्रं हरवलं की भिंतीवर कागद लावतात त्यावर खाली 'से ग्रातिफिकारा' लिहितात, म्हणजे शोधून देणाऱ्याला बक्षीस मिळेल. त्यामुळे विचारायचंच तर उलटं विचारायला हवं, की इंग्रजीने एकटीने हा अर्थ का सोडला.

आता आपल्याकडचा कायदा. मेकॉलेच्या कमिशनने 1837 मधे दंडसंहितेचा मसुदा दिला, ती पास झाली 1860 मधे, आणि तिच्यातलं कलम 161 म्हणजे सरकारी नोकराने लाच घेण्याचं कलम. त्यातले शब्द होते 'ग्रॅटिफिकेशन अदर दॅन लीगल रेम्युनरेशन'. हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात, जरा थांबून वाचा. कायदेशीर मेहनतान्याखेरीज *इतर* ग्रॅटिफिकेशन. म्हणजे कायदेशीर मेहनताना, तुमचा आमचा पगार, हाही ग्रॅटिफिकेशनचाच एक प्रकार धरलाय! शब्द स्वतः निर्दोष आहे, कामाबद्दल मिळणारं काहीही, त्यात जे कायद्याने मिळतं ते सोडून बाकीचं घेतलं तर गुन्हा. म्हणून तर पुढे 'इल्लीगल' लावावं लागतं. लाच या शब्दातच बेकायदेशीरपणा आहे, 'बेकायदेशीर लाच' म्हटलं तर ते चुकीचं वाटतं, पण इल्लीगल ग्रॅटिफिकेशनमधला इल्लीगल गरजेचा आहे.

मग सरळ मनी किंवा ब्राइब का नाही लिहिलं? कलमाखालच्या स्पष्टीकरणातच उत्तर आहे: ग्रॅटिफिकेशन म्हणजे फक्त पैशांतलं नव्हे, आणि ज्याची पैशांत किंमत करता येईल तेवढंच असंही नव्हे. आणि उदाहरण दिलंय ते अगदी नमुनेदार आहे, एक मुन्सफ, म्हणजे खालच्या कोर्टाचा दिवाणी न्यायाधीश, एका सावकारी पेढीवाल्याच्या, म्हणजे बँकरच्या बाजूने निकाल देतो आणि त्याबद्दल स्वतःच्या भावाला त्याच्या बँकेत नोकरी मिळवतो. मुन्सफाच्या हातात एक रुपया आला नाही, पण त्याची इच्छा पुरी झाली, गुन्हा झाला. माझं मत विचाराल तर इथेच या शब्दाची खरी ताकद दिसते, कारण इथे त्याचे दोन्ही जुने अर्थ एकदम कामाला लागलेत: *कशाबद्दल* मिळालं ते मोबदल्याच्या अर्थाने ठरतं आणि *काय काय* त्यात येऊ शकतं ते खूश होण्याच्या अर्थाने ठरतं. नोकरी, जमीन, फुकटचा प्रवास, मुलाची अ‍ॅडमिशन, ज्याने माणसाला बरं वाटेल ते सगळं. ब्राइब म्हटलं की डोळ्यापुढे पैशांचं पाकीट येतं, ग्रॅटिफिकेशनच्या पोटात बाकीचं सगळं मावतं.

161 पुढे 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम 7 म्हणून गेलं, शब्द तेच. 2018 मधे दुरुस्ती झाली आणि कलम 7 मधे ग्रॅटिफिकेशनच्या जागी 'अनड्यू अ‍ॅडव्हांटेज' आलं, त्यामुळे काहीजण म्हणतात की शब्द गेला. गेलेला नाही. अनड्यू अ‍ॅडव्हांटेजची व्याख्या वाचा, कायदेशीर मेहनतान्याखेरीज कोणतंही ग्रॅटिफिकेशन, तेच परत! आणि कोर्टाची भाषा तर बदललेलीच नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मधे नीरज दत्ता केसमधे मागणी आणि स्वीकार परिस्थितीजन्य पुराव्यावरून सिद्ध होऊ शकतो का यावर निकाल दिला तिथेही इल्लीगल ग्रॅटिफिकेशन हाच शब्द आहे. तुम्ही वाचलेल्या निकालातलं वाक्य याच परंपरेतलं.

याचीच सख्खी बहीण ग्रॅच्युइटी, तिचा प्रवास तर फार बघण्यासारखा आहे. 1773 च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने ईस्ट इंडिया कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांना भेट, देणगी, ग्रॅच्युइटी, बक्षीस घ्यायची बंदी घातली, आणि 1972 च्या कायद्याने तीच ग्रॅच्युइटी कामगाराचा हक्क झाली, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशोबाने. मूळ अर्थ 'राजीखुशीने दिलेलं', आणि आज न दिली तर मालकावर केस होते.

बरं, खूश करणं आणि पैसे देणं यांचं हे नातं फक्त या एका शब्दाचं असतं तर योगायोग म्हटलं असतं. पण पे हा इतका साधा शब्द घ्या. तो आला लॅटिन पाकारे वरून, म्हणजे शांत करणं, पाक्स म्हणजे शांतता, ज्यातून पीस आला. मध्ययुगीन इंग्रजीत पे चा अर्थ खूश करणं, समाधान करणं असाही होता, चौदाव्या शतकातली 'पर्ल' नावाची कविता आहे तिच्या पहिल्याच ओळीत मोती हा राजपुत्रांच्या 'पे'साठी आहे असं म्हटलंय, पगारासाठी नव्हे, आनंदासाठी. देणेकऱ्याने पैसे टाकले की सावकार शांत होतो, म्हणून शांत करणं म्हणजे पैसे देणं. सॅटिस्फाय चं तसंच, शब्दशः 'पुरेसं करणं', आणि कर्ज फेडण्याचा अर्थ त्याला जुन्यापासून आहे. आपल्याकडे कंपनीने तारण ठेवून घेतलेलं कर्ज फेडलं की रजिस्ट्रारकडे 'सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज'चा फॉर्म भरतात, सीए लोकांना विचारा, त्यात कोणाच्या मनाच्या समाधानाचा प्रश्नच नसतो, बोजा फिटला एवढंच. म्हणजे बघा, पे ने आनंद सोडला आणि पैसे धरले, ग्रॅटिफाय ने पैसे सोडले आणि आनंद धरला, आणि सॅटिस्फाय दोन्हीकडे राहिला.

आणि हे आपल्याला परकं वाटायचं कारणच नाही. तुष् धातूवरून तोष, संतोष, परितोष, सगळे मनाच्या समाधानाचे शब्द, आणि त्या परितोषातूनच पारितोषिक, म्हणजे खूश होऊन दिलेलं. ग्रॅटिफिकेशनला कायद्याच्या परिभाषेत 'परितोषण' म्हणतात ते इतकं चपखल आहे की ज्याने कोणी ते सुचवलं त्याला दाद द्यावीशी वाटते. कालिदासाच्या शाकुंतलात सूत्रधार सुरुवातीला म्हणतो की विद्वानांचा परितोष होईपर्यंत मी माझा प्रयोग चांगला मानणार नाही, तिथे परितोष मनाचा. आणि त्याच नाटकात सहाव्या अंकाच्या आधी तो कोळी येतो, माशाच्या पोटात अंगठी सापडलेला, शिपाई त्याला चोर समजून मारत आणतात, त्याला सुळावर चढवण्याआधी माळ घालायला एकाचे हात शिवशिवताहेत, आणि मग राजाकडून अंगठीच्या किमतीइतका 'प्रसाद' येतो. प्रसाद म्हणजे मुळात प्रसन्न होणं, इथे रोख रक्कम. आणि कोळी काय करतो, त्यातली अर्धी त्याच शिपायांना देतो आणि म्हणतो हे तुमचं 'सुमनोमूल्य', फुलांचे पैसे! लगेच तो त्यांचा जिवलग मित्र होतो आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे निघतात. आज आपण चहापाणी म्हणतो तिथे तेव्हा फुलं होती. इतक्या छोट्या प्रवेशात राजाचं बक्षीस आणि शिपायांची चिरीमिरी शेजारी शेजारी ठेवलीय, कायद्याच्या भाषेत एक लीगल आणि एक इल्लीगल.

मराठीत तर हे नातं आपल्या तोंडात रोज आहे. पसायदानात 'येणें वाग्यज्ञें तोषावें, तोषोनि मज द्यावें', आधी तोषणं मग देणं, आणि पसाय म्हणजे प्रसादच. तिथे मागणं सगळ्या विश्वासाठी आहे म्हणून त्याची उंची वेगळी, पण व्याकरण तेच. व्यवहारात उतरलं की 'साहेबांना खूश करावं लागेल', 'राजीखुशीने काय द्याल ते द्या', दिवाळीची पोस्त, बक्षिसी. 'खूश करा' या शब्दांत ड्यूकचं वाक्य जसंच्या तसं मराठीत येतं, या वकीलसाहेबांना खूश करा हो, त्यांचे उपकार आहेत. इंग्रजीच्या मास्तरांनी वर्गात एवढंच सांगितलं तरी पोरांना ती ओळ टीपेशिवाय कळेल.

आता वापराचं, कारण प्रश्नात भाषांतराचाही उल्लेख होता. कायद्याचा मजकूर असेल तर 'परितोषण', आणि 'बेकायदेशीर' किंवा 'अवैध' लावायचंच, नुसतं परितोषण ठेवलं तर गुन्हा दिसत नाही. बातमी लिहायची असेल तर सरळ 'लाच' लिहा, वाचकाला तेच कळतं आणि चूकही नाही. जुनं इंग्रजी साहित्य वाचताना ग्रॅटिफाय च्या पुढे माणूस किंवा सेवा आली आणि मागे काहीतरी उपकार झालेला असला तर मोबदल्याचा अर्थ आधी लावून बघा, पुढे भूक, कुतूहल, हौस असलं काही आलं तर पुरवण्याचा अर्थ. डिलेड ग्रॅटिफिकेशनला मी 'हौस लांबणीवर टाकणं' म्हणेन, 'विलंबित परितोषण' असं कुठेकुठे लिहितात ते मला पटत नाही, वाचणाऱ्याला लाच उशिरा मिळाली असं वाटायचं. आणि ऑफिसच्या पत्रात 'आय अ‍ॅम ग्रॅटिफाइड टू नोट' आलं तर साधं 'वाचून समाधान वाटलं' लिहा, तिथे कोणी कोणाला काही दिलेलं नसतं.