बाळाची गोधडी चुण्या का धरते?

प्रश्न : भाचीच्या बाळाला द्यायला जुन्या सहावारीची गोधडी शिवली, वर नव्या कापडाचे तुकडे लावले. पहिल्याच धुण्यात तुकड्यांभोवती चुण्या पडल्या, लाल रंगही उतरला. आता काय करावं?

उत्तर : जुनी साडी आटायची तेवढी आटून झालेली असते, नवं सुती कापड मात्र पहिल्या धुण्यात आटतं आणि खालचं कापड ओढून घेतं. चुण्या त्याच्याच. तेवढे तुकडे उसवून पुन्हा सैल टाक्यांनी लावा.

पुढच्या वेळी नवे तुकडे रात्रभर भिजवून, धुऊन, इस्त्री करून घ्या. ओला पांढरा रुमाल घासून पाहा. रंग लागला तर तो तुकडा बाळासाठी नकोच. जरीचे काठ काढा, टोचतात. साडीचे सव्वा मीटरचे चार तुकडे एकावर एक अंथरा, मधून कडेकडे हात फिरवत सळ काढा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. हा टप्पा गाळला की थर सरकलेच म्हणून समजा. मग धावदोरा, ओळींत दोन सेंटिमीटर अंतर. दोरा ताणू नका. दाभण तर मुळीच नको, भोकं राहतात. गाठी थरांच्या आत लपवा. मणी, टिकल्या, बटणं लावू नका.

प्रश्न : उरलेल्या चिंध्यांचं काय?

उत्तर : गरम भांडी धरायची फडकी. अठरा सेंटिमीटरचा चौकोन, आत जुन्या टॉवेलचे दोन थर. सगळं सुतीच हवं. पॉलिस्टर आचेने वितळून हाताला चिकटतं.